सर्च रँकिंगची देखभाल आणि मोबाइल ॲप एकाच करारात: ठाण्यातील वाद्यांच्या एका दुकानाचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला आमचे वाद्यांचे दुकान आहे. हार्मोनियम, तबला-डग्गा, पखवाज, तानपुरे आणि टाळ-झांजांची विक्री, जुन्या वाद्यांची दुरुस्ती आणि शिकणाऱ्यांना महिन्याच्या भाड्याने वाद्ये देणे, असे कामाचे तीन भाग आहेत. दुकानाच्या वेबसाइटचे गूगलमधील स्थान टिकवणे आणि दुकानासाठी मोबाइल ॲप तयार करणे, ही दोन्ही कामे आम्ही 2024 च्या उन्हाळ्यात वागळे इस्टेटमधील एका संस्थेकडे एकाच करारात सोपवली. त्यानंतर दोन गणेशोत्सव होऊन गेले, कराराचे एकदा नूतनीकरण झाले, आणि सेवेची चांगली-वाईट बाजू पुरेशी दिसली. म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. या व्यवसायात माणसे सारखी बदलतात, करारांचे नमुने मात्र वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत जवळपास सारखेच असतात. त्यामुळे नावापेक्षा कामाची पद्धत सांगणे वाचकाला अधिक उपयोगी पडेल.

मत आधीच सांगून टाकतो. रँकिंगच्या देखभालीचे काम या संस्थेने चांगले केले, काही बाबतींत फारच चांगले केले. तिने तयार केलेले ॲपही ॲप म्हणून समाधानकारक आहे. परंतु ॲप कोणत्या पद्धतीने बांधावे याचा जो सल्ला तिने दिला, त्याने वेबसाइटचे कमावलेले स्थान काही आठवड्यांत घालवले. एसईओचा, म्हणजे शोधातील स्थान सांभाळण्याचा विभाग आणि ॲपचा विभाग एकाच कार्यालयात, एकाच मजल्यावर असूनही त्यांचे आपसांत बोलणे झालेले नव्हते. छोट्या व्यावसायिकांना हे दोन स्वतंत्र खर्च वाटतात आणि कोटेशनमध्येही ते वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असतात. प्रत्यक्षात ॲपची पद्धत ठरवताना वेबसाइटचे काय होणार, हेही त्याच बैठकीत ठरत असते.

देखभालीचा दर दरमहा 15,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असा होता. ठाण्यात याहून निम्म्या दरातही हे काम करून देणारे भेटतात, आणि 'तीस दिवसांत पहिल्या पानावर आणतो' अशी हमी देणारे फोन तर दुपारच्या झोपेच्या वेळी नेमाने येतात. गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. या संस्थेने पहिल्याच भेटीत ते वाक्य आम्हाला दाखवले, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवली पाहिजे. बाहेरच्या साइटवरून पैसे देऊन लिंक विकत घेण्याचेही तिने नाकारले. असे उपाय गूगलच्या 2012 च्या पेंग्विन अपडेटपासून, म्हणजे अशा लिंकना आळा घालणाऱ्या बदलापासून, अंगाशी येत आहेत, तरी अजून कित्येक कोटेशनमध्ये 'महिन्याला इतक्या बॅकलिंक' अशी ओळ दिसते.

सुरुवातीची तपासणी काळजीपूर्वक झाली. आमची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बांधण्याच्या एका तयार प्रणालीवर, होती आणि तीत साधारण दीडशे पाने होती. दुकानातल्या मुलांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे जशीच्या तशी चढवलेली असल्याने एकेका वाद्याचे पान उघडायला फार वेळ लागे. पानातील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद 200 मिलिसेकंदांत मिळावा आणि मजकूर उघडता उघडता इकडेतिकडे सरकू नये, ही गूगलची तीन मापे आहेत. त्यांपैकी दुसऱ्या मापाला मार्च 2024 मध्ये जुन्या मापाच्या जागी स्थान मिळाले. संस्थेने छायाचित्रे हलक्या स्वरूपात बदलली. शिवाय पानाच्या माथ्यावरचे मोठे छायाचित्र 'नंतर उघडावे' अशा गटात चुकून गेले होते, ते तिथून बाहेर काढले. हा दुसरा बदल एका ओळीचा होता आणि वेगातला सर्वाधिक फरक त्यानेच पडला. साइटचा मोठा भाग मोबाइलवरूनच पाहिला जातो, आणि गूगलही आता साइटची मोबाइल आवृत्तीच वाचून क्रम लावते, तेव्हा हे काम आधी हाती घेणे योग्यच होते.

गूगलवरील दुकानाच्या नोंदीचे, म्हणजे बिझनेस प्रोफाइलचे कामही नेटके झाले. दुकानाच्या नावापुढे 'ठाण्यातील सर्वोत्तम तबला दुरुस्ती' असे शब्द जोडावेत अशी सूचना आमच्याच घरातून आली होती. नियमानुसार तिथे फलकावरचे खरे नावच चालते, हे सांगून संस्थेने ती बाजूला ठेवली. त्याऐवजी विक्री आणि दुरुस्ती असे दोन्ही वर्ग नीट निवडले, सुट्टीच्या दिवसांच्या वेळा भरल्या आणि दुरुस्तीच्या टेबलाची खरी छायाचित्रे लावली. नकाशातील क्रम मुख्यतः समर्पकता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतो. अंतर आपल्या हातात नसते, त्यामुळे नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी येथील ग्राहक नकाशातून येतात आणि डोंबिवली, ऐरोली, पनवेल येथील ग्राहक बहुधा खालच्या साध्या निकालांतून येतात. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

मजकुराच्या बाबतीत संस्थेतील एका तरुण बाईंचे विशेष कौतुक करायला हवे. त्या आमच्या दुरुस्ती पाहणाऱ्या काकांजवळ दोन दुपारी बसल्या आणि त्यांनी तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचे चामडे, बदलण्याचे काम टप्प्याटप्प्याने टिपून घेतले: वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, कशी सोडवतात, लाकडी गट्टे कुठे ठेवतात, नवी पुडी चढवल्यावर चहूकडून सारखा ताण कसा देतात, आणि शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाला, तडा गेला असेल तर आवाजात नेमके काय कमी होते. त्यातून 'पुडी बदलायची की नुसता सूर लावून घ्यायचा, हे घरी कसे ओळखावे' असे एक पान तयार झाले. आज साइटवर सर्वांत जास्त लोक याच पानावर येतात आणि त्यांतले पुष्कळ जण पुढे फोन करतात. मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तानपुऱ्याच्या पानावर मिरजेच्या कारागिरीची माहिती तत्काळ घालण्याची सूचनाही त्यांचीच होती. प्रत्येक पानाची मराठी आणि इंग्रजी आवृत्ती एकमेकींशी जोडून कोणती कोणासाठी आहे हे गूगलला कळवणारी खूण, म्हणजे एचरेफलँग, त्यांनी न सांगता लावली. ग्राहक देवनागरीत शोधतो, रोमन लिपीतल्या मराठीत शोधतो आणि इंग्रजीतही शोधतो, हे ठाण्यात बसून काम करणाऱ्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

मासिक अहवालाविषयी मात्र तक्रार आहे. ऑगस्ट 2024 चा अहवाल रंगीत आलेखांनी भरलेला होता आणि गेल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा क्लिक जवळपास दुप्पट झाल्याचे श्रेय त्यात संस्थेच्या कामाला दिलेले होते. आमच्या धंद्यात टाळ, झांजा आणि ढोलकीचा शोध गणेश चतुर्थीच्या आधीचे तीन आठवडे उसळतो. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये ती 7 सप्टेंबरला आली. म्हणजे जी गर्दी आदल्या वर्षी सप्टेंबरात मोजली गेली होती, तिचा मोठा भाग या वर्षी ऑगस्टमध्ये मोजला गेला. इंग्रजी महिन्याची इंग्रजी महिन्याशी तुलना करणारा कोणताही अहवाल आपल्याकडे असाच फसवा ठरतो. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, 16 महिन्यांची माहिती साठवलेली असते आणि तारखांची कोणतीही दोन अंतरे समोरासमोर मांडता येतात. चतुर्थीपूर्वीचे 21 दिवस दोन्ही वर्षांचे घेऊन पाहिले, तेव्हा वाढ दिसली, पण ती दुपटीच्या आसपासही नव्हती. हे दाखवल्यावर संस्थेने वाद घातला नाही आणि पुढच्या वर्षी, जेव्हा चतुर्थी 27 ऑगस्टला आली, तेव्हा तुलना तिथीप्रमाणेच करून दिली.

आता ॲपकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमची गरज मर्यादित होती. भाड्याने वाद्य नेलेल्या ग्राहकाला दर महिन्याला मुदतवाढ करता यावी, दुरुस्तीला दिलेले वाद्य तयार झाल्याची सूचना मोबाइलवर मिळावी आणि यूपीआयने पैसे भरता यावेत, एवढेच काम होते. थोडक्यात, ॲप हे पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसासाठी होते. नवा माणूस ॲप शोधत नाही, तो 'हार्मोनियम भाड्याने ठाणे' असे शोधतो आणि जे पान समोर येते ते उघडतो.

संस्थेने चार मार्ग समोर ठेवले आणि ते प्रामाणिकपणे समजावले, हे मान्य केले पाहिजे. पहिला नेटिव्ह पद्धतीचा: अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेत आणि आयफोनसाठी स्विफ्ट भाषेत वेगवेगळे ॲप. खर्च जवळपास दुप्पट, आणि पुढे प्रत्येक बदल दोनदा. ज्या ॲपला मायक्रोफोनमधून येणारा सूर ऐकून क्षणार्धात उत्तर द्यायचे आहे, त्याला हा खर्च शोभतो. सूर लावण्याची अशी सोय घालण्याचा विचार निघाला होता, परंतु त्यासाठी चांगली ॲप आधीच उपलब्ध असल्याने आम्ही तो सोडला. दुसरा मार्ग एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनसाठी ॲप काढण्याचा: फेसबुकने 2015 मध्ये आणलेले रिॲक्ट नेटिव्ह किंवा गूगलचे फ्लटर, ज्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर 2018 मध्ये आली. तिसरा मार्ग प्रोग्रेसिव्ह वेब ॲपचा, म्हणजे वेबसाइटलाच फोनच्या पडद्यावर चिन्हाच्या रूपात बसवण्याचा. यात खर्च सर्वांत कमी, पण आयफोनवर सूचना पाठवण्याची सोय मार्च 2023 मध्ये, आयओएस 16.4 पासून मिळाली, आणि तीही ग्राहकाने साइट स्वतः होम स्क्रीनवर जोडली तरच. दुकानाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या आजोबांना ती जोडणी समजावून सांगताना मागे रांग लागते. चौथा मार्ग म्हणजे वेबसाइटला ॲपचे नुसते वेष्टन घालणे. असे ॲप ॲपल सहसा स्वीकारत नाही, कारण साइटची नुसती प्रत असलेल्या ॲपना त्यांच्या नियमावलीत जागा नाही. ही अडचण संस्थेने स्वतःहून सांगितली. बाजारात हेच वेष्टन 'पूर्ण ॲप' म्हणून विकणारे पुष्कळ आहेत.

शिफारस फ्लटरची झाली आणि इथपर्यंत तिच्यात काही गैर नव्हते. परंतु प्रस्तावात पुढे आणखी एक ओळ होती: फ्लटरचा तोच कोड वेबवरही चालतो, तेव्हा जुनी वर्डप्रेस साइट बंद करून ॲपचीच वेब आवृत्ती तिच्या जागी ठेवावी, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड, आयफोन आणि वेबसाइट अशी तिन्ही कामे भागतील आणि वर्षाचा देखभाल खर्च कमी होईल. याचा रँकिंगवर परिणाम होईल का, असे आम्ही ईमेलवर विचारले होते. परिणाम होणार नाही, असे उत्तर ईमेलवरच आले. ऑक्टोबर 2024 च्या सुरुवातीला नवी साइट सुरू झाली. ती दिसायला खरोखर देखणी होती, फोनवर बोट फिरवताना पाने अलगद सरकत आणि घरातल्या सगळ्यांना ती आवडली होती.

दिवाळी येईपर्यंत साध्या निकालांतून आमची वाद्यांची पाने एकेक करून नाहीशी झाली. नकाशातील नोंद शाबूत असल्याने जवळपासच्या भागातून फोन येत राहिले, त्यामुळे दुकानात बसून काही बिघडल्यासारखे वाटत नव्हते. कमी झाले ते डोंबिवली आणि पनवेलकडचे फोन. संस्थेचे पहिले स्पष्टीकरण असे होते की गूगलचा कोअर अपडेट, म्हणजे क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, आला असून सगळ्यांचीच रँकिंग हलली आहेत. अपडेट कधी सुरू झाला आणि कधी संपला याच्या तारखा गूगल स्वतःच्या स्थितिदर्शक पानावर जाहीर करते, त्या कोणालाही पाहता येतात. ऑगस्ट 2024 चा कोअर अपडेट 3 सप्टेंबरला पूर्ण झाला होता आणि त्यानंतरचा 11 नोव्हेंबरला सुरू झाला. आमची घसरण या दोन तारखांच्या मधली होती आणि ती सुरू झाली त्या आठवड्यात साइटवर एकच मोठा बदल झालेला होता.

कारण सर्च कन्सोलमधील यूआरएल, म्हणजे पानाच्या पत्त्याच्या, तपासणीत स्पष्ट दिसते, आणि ज्यांच्या साइटचे नूतनीकरण नुकतेच झाले आहे त्यांनी ही तपासणी एकदा जरूर करावी. पानाचा पत्ता घालून चाचणी घेतली की गूगलला त्या पानात प्रत्यक्ष काय मिळाले तो कोड समोर येतो. तबल्याच्या पानासाठी जे आले, त्यात दुकानाचे नाव आणि काही स्क्रिप्टच्या ओळी, एवढेच होते. तबला हा शब्दही नव्हता. आमच्या साइटसाठी निवडलेल्या पद्धतीत फ्लटर हे पानातील मजकूर मजकूर म्हणून ठेवत नाही, तो कॅनव्हासवर चित्रासारखा रंगवते. माणसाला अक्षरे दिसतात, पण शोधयंत्राला वाचायला अक्षरे नसतात. गूगल आता जावास्क्रिप्ट चालवून पान वाचते, त्यामुळे काळजी नको, असे ॲपच्या विभागाचे म्हणणे होते. ते अर्धे खरे आहे, कारण जावास्क्रिप्ट चालवूनही हाती आले ते चित्रच. त्यात हे चित्र रंगवणारे इंजिन सुमारे दीड एमबीचे, तेवढे उतरल्याशिवाय पडदा कोरा, म्हणजे आधी मेहनतीने कमावलेला वेगही गेला.

दुसरे कारण याहून साधे आणि याहून घातक होते. फ्लटरच्या वेब आवृत्तीत, मुद्दाम बदल केला नाही तर, आतल्या पानांच्या पत्त्यात हॅशचे चिन्ह येते आणि पानाचे नाव त्या चिन्हानंतर लिहिले जाते. हॅशनंतरचा भाग गूगल सर्वसाधारणपणे वेगळे पान म्हणून धरत नाही. परिणामी हार्मोनियमचे पान, पखवाजाचे पान, पुडी बदलण्याचे पान, अशी दीडशे पाने गूगलच्या दृष्टीने एकाच पत्त्यावर येऊन बसली. जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे नेणारे कायमस्वरूपी, म्हणजे 301 रीडायरेक्ट लावलेलेच नव्हते. कोणताही जुना पत्ता टाकला की मुखपृष्ठ उघडत असे. साइट बदलताना जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी करणे हा एसईओच्या कामाचा अगदी प्राथमिक भाग आहे, आणि ती यादी करू शकणाऱ्या बाई त्याच कार्यालयात बसत होत्या. त्यांना नवी साइट सुरू झाल्याचे आमच्याकडून कळले.

लेखांसारख्या मजकूरप्रधान पानांसाठी नेहमीची वेब पद्धतच अधिक योग्य आहे, असे फ्लटरच्या अधिकृत माहितीत म्हटलेले आहे. तेव्हा दोष फ्लटरला देता येत नाही. लॉग-इन करून वापरायच्या पडद्यांसाठी ते वेबवरही चालते. ज्या साइटवर अनोळखी माणूस शोधातून येणार आहे तिच्यासाठी ते सुचवणे, आणि लेखी विचारल्यावरही 'परिणाम नाही' असे सांगणे, हा संस्थेचा दोष होता.

दुरुस्ती संस्थेने विनामूल्य केली आणि मन लावून केली. जुन्या वर्डप्रेस साइटची प्रत होस्टिंगवर शिल्लक होती, ती परत उभी केली. मधल्या काळात बदललेल्या किमती आणि नवी वाद्ये तीत भरली. शक्य तिथे पत्ते पूर्वीचेच ठेवले आणि जे बदलणे भाग होते त्यांना एकास एक रीडायरेक्ट दिले. सरसकट सगळे मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सोपा मार्ग या वेळी घेतला नाही. साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, गूगलला नव्याने सादर केला आणि महत्त्वाच्या पानांसाठी यूआरएल तपासणीतून पुन्हा वाचनाची विनंती केली. आधी इंप्रेशन, म्हणजे निकालांत पान दिसण्याची संख्या, परत आले, क्लिक बऱ्याच उशिरा आले. पुडी बदलण्याचे पान नाताळापर्यंत जवळपास पूर्वीच्या जागी पोहोचले. हार्मोनियमची पाने, ज्यांच्यासाठी मोठ्या ऑनलाइन दुकानांशी स्पर्धा आहे, ती गुढीपाडव्यानंतर सावरली, आणि त्यांतली काही अजूनही पूर्वीपेक्षा खालीच आहेत.

ॲप मात्र टिकले, आणि त्याविषयी चांगले लिहिण्यासारखे आहे. वेब आवृत्ती काढून टाकल्यावर ते फक्त अँड्रॉइड आणि आयफोनवर आहे, आणि ज्या कामासाठी हवे होते ते काम करते. भाड्याची मुदतवाढ बहुतेक ग्राहक आता त्यातूनच करतात. 'तानपुरा तयार आहे' ही सूचना गेल्यापासून दुरुस्तीची वाद्ये कपाटावर पडून राहण्याचे प्रमाण कमी झाले. कमकुवत इंटरनेटवरही ते तग धरते. परीक्षांच्या हंगामात एकदम शंभरावर विद्यार्थी वाद्ये नेतात तेव्हाही अडखळले नाही. मराठी अक्षरे मात्र काही पडद्यांवर वरच्या बाजूने कापलेली दिसतात, विशेषतः रफार आणि मात्रा एकत्र आल्या की. ही तक्रार दोनदा कळवूनही पूर्ण गेलेली नाही.

ॲप घेणाऱ्यांनी खात्यांच्या मालकीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. संस्थेने सुरुवातीला ॲप स्वतःच्या प्ले स्टोअर खात्यातून प्रकाशित करण्याचा प्रस्ताव दिला होता, कारण त्यात वेळ वाचतो. नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते; ही अट 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या खात्यांना लागू आहे आणि सुरुवातीला ती 20 जणांची होती. व्यवसायाच्या नावाने खाते उघडले तर ही चाचणी लागत नाही, पण डी-यू-एन-एस, म्हणजे व्यवसायाची ओळख पटवणारा, क्रमांक मिळवावा लागतो. आम्ही दुकानाच्या नावानेच खाते उघडण्याचा आग्रह धरला आणि क्रमांकाची वाट पाहिली. गूगलचे शुल्क एकदाच 25 डॉलर आहे, ॲपलचे दर वर्षी 99 डॉलर; ॲपलचे शुल्क भरायचे राहिले तर ॲप ॲपलच्या ॲप स्टोअरमधून उतरते, म्हणून ते कोणी आणि कधी भरायचे हे करारात लिहिलेले असावे. सर्च कन्सोलमध्येही संस्थेला 'मालक' न करता वापरकर्त्याचे अधिकार द्यावेत. डोमेनचे नूतनीकरण तर कोणाच्याच हाती सोपवू नये. या सर्व बाबतींत संस्थेने आडकाठी केली नाही, परंतु विचारल्याशिवाय सांगितलेही नाही.

ॲप एकदा केले की झाले, असा समज विक्रीच्या वेळी दूर केला जात नाही. गूगल दर वर्षी ॲपना अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला लावते. 31 ऑगस्ट 2025 पासून नवी ॲप आणि सुधारित आवृत्त्या अँड्रॉइड 15 ला धरून असणे सक्तीचे झाले. हे काम मूळ किमतीत नव्हते आणि त्याचे वेगळे बिल आले. रक्कम वाजवी होती. ती आधी माहीत असती तर तीन लाखांच्या घरातल्या कोटेशनची तुलना इतरांशी नीट करता आली असती.

आणखी एक किरकोळ नाराजी आहे. ठरलेल्या संख्येने ब्लॉग लिहून देण्याचे कलम करारात होते आणि त्यातले बरेच लेख 'संगीताचे महत्त्व' या धर्तीचे, कोणत्याही दुकानाला चालतील असे होते. मार्च 2024 पासून गूगलने असा घाऊक मजकूर आपल्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे घेतला आहे. त्यातच ऑगस्ट 2024 पासून भारतात निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दिसू लागले, त्यामुळे सर्वसाधारण माहितीच्या पानांवर येणारा माणूस आणखी कमी झाला. आम्ही ते लेख काढायला लावले आणि त्या वेळेत काकांच्या टेबलावरची आणखी कामे लिहून घ्यायला सांगितले. हार्मोनियमच्या भात्याची गळती कशी शोधावी, हे पान त्यातून आले.

नूतनीकरणाच्या वेळी देखभालीचा करार आम्ही याच संस्थेशी पुढे चालू ठेवला, ॲपची देखभाल मात्र तिमाही पद्धतीवर आणली. ज्यांची साइट शोधातून ग्राहक आणते आणि ज्यांना एक संयत, काम करणारे ॲप हवे आहे, त्यांना मी अशा मध्यम आकाराच्या संस्थेकडे जायला सांगेन. पण साइट आणि ॲप एकाच कोडवर आणण्याचा प्रस्ताव आला तर एका पानाची चाचणी आवृत्ती मागून घ्यावी आणि तिची यूआरएल तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. आमच्या नव्या करारात एक कलम वाढवले आहे: साइटची रचना, पत्ते किंवा तंत्रज्ञान बदलणाऱ्या कोणत्याही कामावर एसईओ पाहणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती हवी, आणि ती नसताना झालेल्या बदलाने रँकिंग घसरले तर स्थान सावरेपर्यंतचे मासिक शुल्क माफ. संस्थेने कलम मान्य केले आणि दर महिन्याला 2,000 रुपयांनी वाढवून मागितला. शेवटी 1,000 वर ठरले.